टाइप ५९ : दोन डबे आणि एक टेप

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

दुसरा डबा आज कुरिअरने आला. पुण्याच्या एका गृहस्थांनी माळा रिकामा करायला काढला, त्यात मिळाला. आता टेबलावर एकाच रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलचे दोन किट झाले. दोन्ही १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग, दोन्ही चिनी टाइप ५९. आपल्याकडे आणि पाकिस्तानात याला टी-५९ म्हणतात.

या दोन डब्यांवरच्या कंपन्यांची नावं वहीत घालत नाही. एका किटवरून घराण्याची अब्रू काढायची नसते. नवा डबा आणि जुना डबा, एवढ्याने भागेल.

काम ठरलं ते असं: दोन्ही तपासायचे, चांगला निघेल तो बांधायचा, आणि राजस्थानात लोंगेवालाला, १९७१ च्या लढाईच्या जागी, उभा आहे तो पाकिस्तानी टी-५९ करायचा. गेल्या डिसेंबरात जैसलमेरला गेलो तेव्हा लोंगेवालाच्या युद्धस्मारकातल्या रणगाड्याभोवती दीड तास काढला. घरचे उंटावर बसून आले, तोवर मी टेप घेऊन चाकांशी उकिडवा. तिथल्या जवानाने दोनदा येऊन बघितलं, तिसऱ्यांदा टेपचं दुसरं टोक धरलं. ती पानं वहीत आहेत. ती नसती तर मीसुद्धा डब्यावरच्या चित्राकडे बघूनच किट चांगलं म्हणालो असतो.

३ मार्च

नवा डबा. जळगावच्या एमआयडीसीत ड्रिपचं फिटिंग काढणाऱ्या एका युनिटच्या टूलरूममध्ये माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे किट हातात आलं की रणगाडा दिसायच्या आधी डाय, म्हणजे साचा, दिसते. इंजेक्शन मोल्डिंग ते मोल्डिंगच, ड्रिपर काढा नाहीतर तोफेची नळी.

आणि ही डाय बनवणाऱ्याचा हात धरावा असं काम आहे. फ्लॅश, म्हणजे डायच्या फटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा पापुद्रा, कुठेच नाही. रनरमधून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या काडीला लटकलेले असतात ती) पार्ट सुटतो तिथला गेट बाजरीच्या दाण्याएवढा, तोही आतल्या बाजूला. टरेटचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाचं, कवच एकाच तुकड्यात, म्हणजे डायमध्ये बाजूंनी सरकणारे स्लाइडर घातलेत. नळीसुद्धा एकसंध आणि तिचं तोंड उघडं. दोन अर्धुकं चिकटवून नळी केली की मधोमध शिवण राहते, ती घासताना नळी हमखास लंबगोल होते. इथे तो ताप नाही. चेनची कडी न् कडी सुटी, प्रत्येकीला तीन गेट. पितळी पत्र्याचा एक छोटा ताव, त्यात इंजिनावरच्या जाळ्या.

खोड एकच सापडली. उजव्या फेंडरवरच्या (चेनच्या वरचा पत्रा) डिझेलच्या चपट्या टाक्यांना वरून हलके खड्डे आहेत. सिंक. खाली आधाराची रिब जाड ठेवली की वर खड्डा पडणारच. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवतात. टाकीला पोचा म्हणून खपून जाईल, पण मला माहीत आहे तो पोचा नाही.

१० मार्च

जुना डबा. उघडल्या उघडल्या वास आला आणि वासावरून ओळखलं.

या किटच्या चेन रबरी पट्ट्याच्या आहेत, मऊ व्हिनाइलच्या. मूळ मालकाने त्या चाकांच्या फ्रेमवर तशाच ठेवल्या होत्या, पिशवीशिवाय. माळ्यावर किती उन्हाळे गेले देव जाणे. चेनने चार चाकं खाल्लीत. खाल्लीत म्हणजे अक्षरशः: जिथे पट्टा टेकला तिथे प्लास्टिक विरघळून कडीचा ठसा उमटलाय, चिकट, गुळाच्या पाकासारखा. आमचं गावच पीव्हीसीचं, त्यामुळे हे कोडं नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातला की ते मऊ होतं. तो आत कायम थांबत नाही, हळूहळू बाहेर येतो आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनमध्ये शिरतो. उन्हात लवकर. रबरी चेनवाला डबा घरात असेल तर आजच चेन काढून वेगळ्या पिशवीत टाकावी, बाकीचं नंतर वाचावं.

उरलेलं सांगायचं तर, हलच्या (रणगाड्याचं खालचं धड) पोटाला मोटारच्या स्विचसाठी भोक आहे. एकेकाळी हे किट सेलवर चालायचे, त्याची ही खूण. आता कोणी चालवत नाही, पण डाय तीच, म्हणून भोकही तेच. हे १/३५ प्रमाणसुद्धा सेलचीच देणगी. टामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा केला तो आत सेल मावतील एवढा केला. मागाहून हिशेब मांडला तर प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघालं. तेव्हापासून अख्खं जग पस्तिसाने भागतंय.

पार्टिंग लाइनवर, डायचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅश नखाने सोलावा इतका. पार्ट डायबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे फेंडरच्या वरच्या बाजूला, अगदी डोळ्यासमोर. एक हँडल शॉर्ट आलंय, अर्ध्यातच प्लास्टिक संपलं. आमच्या क्यूसीला दाखवलं असतं तर पूर्ण लॉट क्रशरमध्ये गेला असता.

आजपुरता निकाल स्पष्ट होता. वहीत लिहिलंही: नवा बांधायचा, जुना सुट्या भागांसाठी.

१७ मार्च

मापं. व्हर्नियर कामावरचा, साहेबांना विचारून आणलेला.

टाइप ५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ए ची चिनी आवृत्ती. बाओतौच्या ६१७ नंबरच्या कारखान्यात बनायला लागली, १९५९ मध्ये फौजेत रीतसर घेतली, म्हणून नाव ५९. त्यामुळे टी-५४ ची छापील मापं इथे चालतात, आणि जिथे टेप पोचली तिथे लोंगेवालाने तीच दाखवली. रोड व्हीलचा व्यास ८१० मिमी. चेनची रुंदी ५८०. रणगाड्याची रुंदी ३.२७ मीटर. हलची लांबी ६.०४ मीटर. तोफ १०० मिमी.

पस्तिसाने भागून: चाक २३.१४, चेन १६.५७, रुंदी ९३.४, लांबी १७२.६, नळीचं भोक २.८६.

नवा डबा: चाक २३.१, रुंदी ९३.३, लांबी १७२.३, नळीचं भोक २.९. काय बोलणार. दहा कड्या ओळीने लावून मोजल्या तर ३९.० आल्या. कडीची खरी पिच, म्हणजे एका कडीपासून पुढच्या कडीचं अंतर, १३७ मिमी, म्हणजे दहाच्या ३९.१ हव्यात.

जुना डबा: लांबी १७१.९, रुंदी ९३.०, चाक २२.४.

इथे थांबून विचार केला. पॉलिस्टायरिन डायमधून निघाल्यावर आकसतं, साधारण अर्धा टक्का. लांबी-रुंदीतला फरक त्यात बसतो. डाय करणाऱ्याने आकसणं धरलं नसेल, एवढंच. पण चाक तीन टक्क्यांहून जास्त लहान आहे. प्लास्टिक एका पार्टमध्ये अर्धा टक्का आणि दुसऱ्यात तीन टक्के आकसत नाही. ही चूक मशीनवर झालेली नाही, ड्रॉइंगवर झालेली आहे. पस्तिसाने गुणलं तर ७८४ मिमीचं चाक. असं चाक त्या रणगाड्याला कधी नव्हतं.

माझ्या मते किटमध्ये बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. चूक कुठल्या टेबलावर झाली? फ्लॅश, सिंक, पिनचे ठसे ही मशीनवाल्याची पापं, पुट्टी आणि सँडपेपरने धुऊन निघतात. ड्रॉइंगवाल्याचं पाप असं धुता येत नाही.

२४ मार्च

होळी. काही केलं नाही.

३१ मार्च

टरेट. याला टेप लागत नाही. ओतीव घुमट, सरळ कड कुठेच नाही, मोजणार कुठून कुठे? त्यासाठी लोंगेवालालाच एक युक्ती करून ठेवली होती. रणगाड्याच्या मधल्या चाकापासून सरळ साडेदहा मीटर टेप ओढली आणि तिथून मोबाइल छातीच्या उंचीवर धरून बाजूचा फोटो घेतला. साडेदहा मीटर भागिले ३५ म्हणजे ३० सेंमी. घरी किट ३० सेंमीवर ठेवायचं, मोबाइलच्या उंचीलाही पस्तिसाने भागायचं, तोच मोबाइल, झूम नाही. दोन्ही फोटोंत जवळचं-लांबचं सारख्याच प्रमाणात फुगतं, म्हणून एकावर एक ठेवता येतात. अंतर चुकवलं तर तुलनेला काही अर्थ नाही. जवळून काढलेला टरेट नेहमीच गुबगुबीत दिसतो आणि लोक उगाच किटवाल्याला शिव्या घालतात.

भाच्याने लॅपटॉपवर दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले, चाकं जुळवली. हल केसाला केस लावून बसला. आणि टरेट वर आला. नव्या डब्याचा, त्या देखण्या एकसंध कवचाचा टरेट. खऱ्या टी-५९ चा घुमट पालथ्या परातीसारखा पसरट. किटचा पालथ्या पातेल्यासारखा. कडेचा उतार फारच उभा. मोजलं तर छत दीड मिमी उंच. खऱ्यावर पाच सेंमीहून जास्त. नुसत्या डोळ्याला काहीतरी खटकत होतं, पण डाय इतकी सुंदर की डोळ्यावरच विश्वास बसत नव्हता.

भाचा म्हणाला, मामा, जुना पण ठेवून बघू.

जुन्याचा टरेट, फ्लॅशसकट, रेषेवर रेष बसला.

दोघं थोडा वेळ गप्प. मग मी परत अंतर मोजलं, परत फोटो काढले. तेच.

वीस वर्षांची नजर इथे तोंडावर आपटली. मी फिनिशिंग बघून पार्ट पास करणारा माणूस, कारण आमच्याकडे ड्रॉइंग ग्राहकाकडून तयार येतं, बरोबरच असतं. इथे ड्रॉइंग बरोबर आहे की नाही हे कोण बघणार?

पृष्ठभागाचंही तेच. नव्या टरेटवर ओतीव लोखंडासारखा खरखरीतपणा आहे, पण तो सगळीकडे एकसारखा, कोपऱ्यातही तितकाच. ही स्पार्कची सही. डाय स्पार्क इरोजनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खाऊन, काढली की असा बारीक दाणेदार मॅट पोत आपोआप येतो, पॉलिश केलं नाही की तोच पार्टवर उतरतो. त्यालाच डब्यावर ओतीव पोत म्हणून विकलंय. खऱ्या टरेटवर हात फिरवून आलोय. कुठे मुठीएवढा उंचवटा, कुठे ग्राइंडरचे चरे, कुठे अगदी गुळगुळीत. आणि छताची वेगळी प्लेट वेल्ड करून बसवलेली, तिचा वेल्ड जाडाभरडा.

१४ एप्रिल

जिभाऊ आले. आमच्या गल्लीत राहतात, मूळचे अमळनेरकडचे, फौजेच्या दुरुस्ती दलातून, ईएमईमधून, हवालदार म्हणून निवृत्त. उमेदीची वर्षं टी-५५ च्या दुरुस्तीत गेली. वहिनींनी शेवभाजी पाठवली होती, तो डबा एका हातात. दुसऱ्या हाताने नवा टरेट उचलला, डोळ्यापासून लांब धरला.

“हाऊ पंखा काबरं लाया रे भो?”

टरेटच्या छतावर उजवीकडे, लोडरच्या झाकणासमोर, कुत्र्याच्या छत्रीसारखी गोल टोपी आहे. व्हेंटिलेटर. मी म्हटलं, जिभाऊ, हा टी-५९ आहे. मान हलवली. “आमना टी-पचपनले नव्हता.” लोंगेवालाचा फोटो दाखवला, त्यात टोपी स्पष्ट. दोघंही बरोबर. टी-५४ ला ती टोपी होती, चिन्यांनी टी-५४ चीच नक्कल केली; टी-५५ करताना रशियनांनी ती काढून टाकली. दुरून टी-५५ आणि टी-५९ ओळखायची पहिली खूण हीच.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलेली आणि खरी. १९७१ ला पंचाईत अशी की आपले टी-५४, टी-५५ आणि पाकिस्तानचे टी-५९ एका बापाची लेकरं. जम्मूतल्या छांबला तर समोरासमोर हेच. धुळीत आपला कोणता, त्यांचा कोणता? म्हणून आपल्या रणगाड्यांच्या नळीवर मध्यावर एक खोटा डबा बसवला. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्याच्या नळीवर धूर ओढणारा डबा मध्यावर असतो, तसा दिसणारा. रशियन नळीला तो तोंडाशी असतो. त्या युद्धातले आपले टी-५५ फोटोत बघितले तर नळीवर ही जाड गाठ दिसते.

जाताना त्यांनी जुन्या किटची रबरी चेन चाकांवर चढवलेली बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“चेन इतली ताणेल काबरं शे? चेन ढिली ऱ्हास.”

या घराण्याच्या रणगाड्यांना चेनला वरून आधार देणारे छोटे रोलर नसतात. वरची चेन सरळ चाकांच्या पाठीवर पडते, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात अंतर जास्त आहे तिथे झोळ पडतो. रबरी चेन वीणेच्या तारेसारखी ताठ. मी महिनाभर व्हर्नियर लावतोय आणि हे माझ्या यादीत नव्हतंच.

२८ एप्रिल

ठरलं. नव्याचा हल, नव्याची चाकं, नव्याची चेन, जुन्याचा टरेट. नळी नव्याची.

अडचण एकच. नव्या हलवरचं भोक ५०.४ मिमी, जुन्या टरेटची कॉलर ४६.८. मध्ये दोन्ही बाजूंना जवळपास दोन मिमी मोकळं. लेथवर नायलॉनची रिंग काढावी म्हणून कामावर गेलो, आणि भंगाराच्या ढिगात ५० मिमीचा पाइप दिसला. बाहेरून ५०.१. आतून ४७.०. जळगावात राहून रिंग लेथवर काढणारा माणूस म्हणजे तापीकाठी बसून पाण्याची बाटली विकत घेणारा. हॅकसॉने सहा मिमीचं चकतं कापलं, कडा घासल्या, बसलं.

पीव्हीसी आणि पॉलिस्टायरिन शेजारी ठेवतोय, मग ते चाकांसारखं खाणार नाही का? नाही. पाइप कडक पीव्हीसीचा, त्यात मऊ करणारं तेल नसतं. मात्र किटचं पातळ सिमेंट त्याला धरत नाही, फेविक्विकच लागलं.

१० मे

आखाजी. लेक माहेरी आलीय, दारात झोका, घरात आंब्याचा रस आणि सांजोऱ्या. टेबलावर चादर टाकून ठेवली.

१३ मे

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला मत देऊन आलो आणि दिवसभर फेंडरचे सिंक भरले. प्रत्येक टाकीला दोनदा पुट्टी, कारण पहिली वाळून खाली बसते.

२६ मे

पारा पंचेचाळीसला टेकलाय. चेनचा झोळ आज चौथ्यांदा फसला.

कृती सोपी आहे. कड्या ओळीने लावायच्या, सांध्यांना पातळ सिमेंट द्यायचं, अर्धवट वाळलं की अख्खी पट्टी चाकांवर टाकायची आणि झोळ हवा तिथे कापसाने दाबून ठेवायची. हे अर्धवट वाळणं पुण्यात दहा-पंधरा मिनिटांचं असेल. इथे मेमध्ये सिमेंट ब्रशवरच उडून जातं. पाचवी कडी लावेपर्यंत पहिली दगड. कूलर लावला तर कड्या टेबलावरून उडतात. शेवटी पहाटे साडेचारला गच्चीवर पाट मांडून बसलो, एका वेळी दहाच कड्या. टी-५४ च्या एका बाजूला ९० कड्या असतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून अठरा फेऱ्या.

शेजारच्या माडीवरून एक आजी बघत होत्या. त्यांना मी जप करतोय असं वाटलं.

९ जून

चेन झाली. झोळ पडला.

टरेटचा पोत: घट्ट पुट्टी, जुना टूथब्रश, टोचत राहायचं. मग मुद्दाम तीन जागा गुळगुळीत घासल्या, दोन ठिकाणी सुईने चरे ओढले. छताच्या वेल्डसाठी तापवून ताणलेला रनरचा धागा चिकटवला, सिमेंटने मऊ केला आणि ब्लेडच्या टोकाने दाबत गेलो. फोटो पुन्हा एकावर एक ठेवले. ठीक.

७ जुलै

काल हजिऱ्यात आपला झोरावर पहिल्यांदा दाखवला. पंचवीस टनी हलका रणगाडा, १०५ मिमी तोफ, लडाखसाठी. आमची तापी जिथे समुद्राला मिळते तिथेच हजिरा, त्यामुळे उगाच घरचा वाटला. समोर चीनचा झेडटीक्यू-१५, तोही १०५ मिमीचा, वजन मात्र तेहतीस टनांच्या आसपास. त्याचे किट बाजारात आहेत, मेंग कंपनीचा आहे. भाचा विचारतो, मामा, तो आणायचा का?

आणायला हरकत नाही, पण तपासणार कसा? टी-५९ ला मी हात लावून आलो. झेडटीक्यू-१५ लोकांनी नीट बघितला तो १ ऑक्टोबर २०१९ च्या बीजिंगच्या संचलनात. संचलनातले फोटो म्हणजे लग्नातले फोटो: सगळे धुतलेले, रंगवलेले, एकाच कोनातून. पोट दिसत नाही, पाठ क्वचित दिसते. अशा किटला मिलिमीटर लावण्यात अर्थ नाही, गुणोत्तर लावावं. अगदी बाजूचा फोटो शोधायचा, त्यात चाकाचा व्यास आणि पहिल्या चाकापासून सहाव्यापर्यंतचं अंतर यांचा भागाकार करायचा, तोच किटवर करायचा. आणि किट उलटं करून पोट बघायचं. वर बोल्ट न् बोल्ट कोरलेला आणि खाली ताटासारखं सपाट असेल, तर बनवणाऱ्याचं ज्ञान कुठे संपलं ते तिथे कळतं. याला मी दोष म्हणत नाही. ज्याला पोट दिसलंच नाही त्याने ते सपाट ठेवणं मला प्रामाणिक वाटतं. न बघितलेल्या पोटावर बोल्ट कोरणाऱ्याची भीती जास्त.

२१ जुलै

रंग. मेमध्ये एअरब्रशच्या टोकावरच रंग वाळत होता, आता दमट हवेत लॅकर पांढरट पडतोय. आपल्याकडे रंगवायला बरे महिने दोन-तीनच. एक दिवस पाऊस थांबला, दुपारी उरकलं.

स्मारकावरचा रंग हा तिथल्या पेंटरचा, १९७१ चा नव्हे, हे मान्य करूनच तोच रंग लावला, कारण मी १९७१ करत नाहीये, स्मारक करतोय. डब्यातले डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रं, लाल ताऱ्याचे, चिनी फौजेचे. वापरायचे नव्हते, तरी भिंगाखाली बघितले. नव्याच्या ताऱ्यात लाल आणि पिवळा बरोबर बसलेत. जुन्याच्या ताऱ्यात पिवळी कड एका बाजूला सरकलीय, तारा तिरळा बघतोय.

धुळीसाठी शेतातली काळी माती चाळून आणली आणि परत ठेवून दिली. लोंगेवालाची वाळू फिकट. कपाशीच्या रानातला टी-५९ कोण खरा मानेल.

११ ऑगस्ट

आज घरी कानबाई. रोटांचं जेवण, पंगतीवर पंगत. दुपारी जिभाऊ वर आले. चष्मा लावला. आधी टरेट नाही, रंग नाही. करंगळी चेनच्या झोळाखाली घातली.

“आते बरोबर शे.”

मग टरेट फिरवला. पाइपच्या रिंगमुळे जरा जड फिरतो. तेही त्यांना आवडलं. म्हणाले, हाताने फिरवायला लागला की खराही घाम काढायचा. टोपीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हसले, बोलले काही नाही.

टेबलाखाली उरलेला माल त्यांनीच बाहेर ओढला: जुन्याचा हल, खाल्लेली चाकं, नव्याचा उंच टरेट. यातून आमचा टी-५५ होईल का, विचारलं. नळीवरच्या खोट्या डब्यासकट. चाकं वेगळी मागवावी लागतील. टरेट खालच्या कडेने दीड मिमी घासला तर उंची तरी उतरते, उताराचं पुट्टीने बघू. मोटारचं भोक बंद करायचं.

संध्याकाळी ते गेल्यावर पहिलं काम केलं. ब्लेडने पंखा कापला. खाली मोठं भोक निघालं. पातळ प्लास्टिकची चकती मागून लावून पुट्टी भरलीय, उद्या वाळली की घासतो.